खो-खोचें मोल

खेळून कोठें पोट भरतें काय, हा प्रश्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, आणि विचारणाऱ्यानें त्याचें उत्तर आधींच ठरविलेलें असे. आतां प्रश्न उलटा झाला आहे. १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लीस खो-खोच्या पहिल्या विश्वचषकांत भारतीय महिलांनीं नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. त्या संघांत आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. महाराष्ट्र सरकारनें आपल्या विजयी खेळाडूंस प्रत्येकीं २ कोटी २५ लाख रुपये व सरकारी नोकरी देऊं केली. कर्नाटकानें देऊं केलेले ५ लाख तेथील खेळाडूंनीं महाराष्ट्राकडे बोट दाखवून नाकारले. आठवड्याभराच्या खेळास एवढी रक्कम शोभते काय, असें आतां सुशिक्षित मंडळीही विचारतात.

शोभते कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणत्या मापानें? आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी धांवते. गडी बाद झाला म्हणजे गुण तिच्या नांवावर पडतो. पण त्याच्या आधींचा 'खो' ज्या मुलीनें अचूक क्षणीं दिला, तिचें काय? खो-खोंत एकटीची किंमत करणें अवघडच आहे. बाजारानें मात्र ती केली आहे. २०२२ सालीं सुरू झालेल्या 'अल्टिमेट खो-खो'मध्यें अव्वल श्रेणीच्या खेळाडूस ५ लाख मिळत. हॉकीच्या २०२४ च्या लिलावांत हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली. आणि खो-खोच्या त्या लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत स्त्रियांस जागाच नव्हती! जेथें बाजार मुलींकडे पाहतच नाहीं, तेथें सरकारनें हात सैल सोडला तर आम्हांस त्यांत उधळपट्टी दिसत नाहीं.

तरीही आमचें मन सर्वस्वी निःशंक नाहीं. आमचा जिल्हा अवर्षणाचा. तिजोरींतील रुपयाची येथें फार ओढ. शिवाय हा पैसा येतो तो यश पदरीं पडल्यावर. ज्या सारिका काळेच्या नेतृत्वाखालीं भारतानें २०१६ सालीं गुवाहाटीस दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि जिला २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, ती ह्याच धाराशिवची. खो-खोस तो मान बावीस वर्षांनीं लाभला. कित्येक वर्षें आपण एकवेळच जेवून खेळलों, असें तिनेंच सांगितलें आहे. त्या वर्षांत तिला कोटी नको होते. रोज दूध-अंडीं हवीं होतीं. पुरस्काराच्या वेळीं ती तुळजापुरास तालुका क्रीडा अधिकारी होती. ही नोकरी आम्हांस मोठ्या रकमेहून अधिक मोलाची वाटते. कारण रक्कम एका घरांत राहते, आणि असा अधिकारी तालुक्यांतील चौदा वर्षांच्या मुलींपर्यंत पोहोंचतो.

आमच्या घरींही नातीनें यंदा शाळेच्या संघांत नांव दिलें आहे. तिच्या आजीनें प्रथम विचारलें तें हें कीं, सराव किती वाजतां सुटतो, आणि घरीं आणावयास कोण जाणार.