गृहीत धरलेली अक्षरे

कुणाच्या तरी उपयोगी पडण्यात मोठे सुख असते. त्या सुखात अहंकाराचा अंश किती मिसळलेला असतो, हे मात्र मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा मित्र जन्मांध आहे. दोन वर्षे मी त्याला रोज रात्री तासभर वाचून दाखवीत असे. सारे माझे कौतुक करीत, आणि ते मला आवडे. जूनमध्ये सुट्टीवरून परतताना तो एक जुना संगणक घेऊन आला. "आता हा वाचेल. तू जरा लवकर झोपत जा, लेका," तो म्हणाला. मी हसलो खरा. पण आत काहीतरी खुपले.

त्या संगणकावर 'लिंक्स' नावाचा ब्राउझर होता. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली जन्मलेला. त्यात चित्रे नाहीत, रंगीत चौकटी नाहीत. नुसता मजकूर आणि कळफलक. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रणेला असे साधेपण फार सोयीचे. लिंक्स हा खरे तर मांजरकुळातला प्राणी, युरोपात तीक्ष्ण नजरेबद्दल ख्यात! हे कळल्यावर मित्र पोट धरधरून हसला.

इंग्रजी पाने घडाघडा वाचली गेली. मग त्याने आमच्या सरांनी संगणकावर ठेवलेली भाषाविज्ञानाची टिपणे उघडली, आणि यंत्र बरळू लागले. मी पडद्याकडे पाहिले. डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला इंग्रजी 'ए', चार कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ, मधूनच जपानी येनची खूण! "मराठी याला जमायचे नाही," मी म्हणालो. खोटे कशाला सांगू? मला बरे वाटले होते.

"थांब," तो म्हणाला. "तोच 'ए' ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय. कचऱ्याला इतकी शिस्त नसते."

मला दिसले नव्हते ते त्याला ऐकू आले होते. आम्ही शोध घेतला. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'क'ला तीन, 'कि'ला सहा, आणि 'क्ष'ला तर नऊ! तिन्हींतला पहिला बाइट सगळ्या चिन्हांचा एकच. सरांच्या पानावर अक्षरसंचाचे नाव लिहिलेले नव्हते. नाव नसले की लिंक्स पश्चिम युरोपचा संच गृहीत धरून चालतो. त्या संचात प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर, आणि आमचा तो पहिला बाइट म्हणजे तिरप्या रेघेचा 'ए'. मराठी कुठे हरवली नव्हतीच. बाइट जागच्या जागी होते. वाचणाऱ्याची समजूत तेवढी चुकली होती.

'ओ' ही कळ दाबली की पर्यायांचे पान उघडते. तिथे दोन ओळी असतात : पडद्याने कोणता अक्षरसंच दाखवायचा ही एक, आणि पानाचा कोणता गृहीत धरायचा ही दुसरी. पहिली बरोबर होती. त्याने दुसरी बदलून यूटीएफ-८ केली. यंत्राने कोरड्या आवाजात शब्द उच्चारला, "स्वनिम." मित्राचा चेहरा मी दोन वर्षे पाहत आलो होतो, तसा तो कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बरळणे! पाहतो तो 'गृहीत' या ओळीपाशी एक बारीकसे उद्गारचिन्ह होते. ही निवड जतन होत नाही, असा त्याचा अर्थ. बदल कायमचा हवा तर मूळ फाइलीतच एक ओळ लिहावी लागते. ती त्याने स्वतः लिहिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. याला माझ्यावाचून वाचता येणार नाही, हे मी इतके दिवस गृहीत धरले होते. त्याला कधी विचारलेही नव्हते.

पुढच्या रात्री नऊ वाजता मी नुसताच बसून होतो. तो म्हणाला, "अरे, ये की! वाचू नकोस, पण बसत जा. वाद घालायला हे यंत्र काही कामाचे नाही."

आता आम्ही रोज तासभर भांडतो. पण माझ्या जुन्या समजुतीपाशीही ते बारीक उद्गारचिन्ह असावे. ती मला रोज नव्याने बदलावी लागते.