विमानाच्या पोटाखाली

लोक विमान बघायला येतात तेव्हा आधी प्रोपेलरपुढे उभं राहून फोटो काढतात. मी आधी जमिनीवर पुठ्ठा अंथरतो, त्यावर उताणा पडतो आणि सरकत सरकत विमानाच्या पोटाखाली जातो. इंजिनाला श्वास घ्यायला एक नळी असते. तिच्यातून तेलाचे बारीक थेंब उडतात आणि पोटावर शेपटीपर्यंत काळपट ओघळ जातात. थोडे ओघळ चालतात. गेल्या वेळेपेक्षा जास्त असतील तर शोधाशोध सुरू. ब्रेकच्या तेलाचा डाग लालसर असतो. आणि पेट्रोलचा निळा.

या निळ्या डागाचीच ही गोष्ट आहे, पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

मी भाईंदर पूर्वेला नवघर रोडला राहतो. पेशानं एएमई, म्हणजे विमान दुरुस्त करून "हे आता उडायला हरकत नाही" अशी सही करणारा माणूस. माझं लायसन्स पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांचं. नातेवाईकांना वाटतं मी एअरपोर्टवर आहे, तिकिटं स्वस्तात मिळतील. मी त्यांना कंटाळून सांगणं सोडून दिलंय.

ज्या विमानाखाली मी झोपतो ते मीरा रोडच्या एका डॉक्टरांचं. हाडांचे डॉक्टर, वय अठ्ठावन्न. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी प्रायव्हेट पायलट लायसन्स काढलं. त्याला मोठं काही लागत नाही. वय १७ पूर्ण, दहावी पास, मेडिकल, परीक्षा आणि ४० तासांचं उड्डाण. मग दोन मित्रांबरोबर त्यांनी सेसना १७२ घेतलं. सेकंड हँड, माझ्यापेक्षा वयानं बरंच मोठं. चार सीट, १६० हॉर्सपॉवर. मित्रांचा उत्साह वर्षभरात संपला, हप्ते मात्र चालू राहिले.

सेसना १७२ म्हणजे विमानांतली बजाज चेतक समजा. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसऱ्या कुठल्याही मॉडेलची एवढी विमानं बनलेली नाहीत. १९५८-५९ मध्ये लास वेगासला दोघा जणांनी हेच मॉडेल न उतरवता ६४ दिवस हवेत ठेवलं होतं. खाली ट्रक पळवायचा आणि चालत्या ट्रकवरून पेट्रोल नि जेवण वर ओढून घ्यायचं. डॉक्टर हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. आमचं विमान मात्र महिन्याला चार तास उडलं तरी आम्ही पेढे वाटतो.

आता मीरा रोडच्या माणसानं विमान ठेवायचं कुठे? जुहू हाकेच्या अंतरावर. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब तिथे सुरू झाला, १९२९ मध्ये जेआरडी टाटांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूलाच उतरले. पण आज जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरचं. त्यामुळे आमचं विमान लांब एका छोट्या धावपट्टीवर, भाड्याच्या हँगरमध्ये. नाव सांगत नाही. शनिवारी पहाटे चारला डॉक्टर मला काशिमीरा नाक्यावरून गाडीत घेतात. घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, ठाणे आणि पुढे हायवे. पाच तास जायला, पाच तास यायला, आणि मध्ये चाळीस मिनिटं उडायला. गायमुखला ट्रक बंद पडला तर सगळाच कार्यक्रम बोंबलतो.

मला हे वेड लागलं ते २०१६ मध्ये. मी तेव्हा बारावीला. फेब्रुवारीत बीकेसीला 'मेक इन इंडिया' प्रदर्शन भरलं आणि टीव्हीवर एकदम अमोल यादव दिसायला लागले. कॅप्टन अमोल यादव, जेट एअरवेजचे पायलट. त्यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं होतं. सामान जिन्यानं वर नेलेलं आणि तयार विमान सुटं करून क्रेननं खाली उतरवलेलं. कांदिवली म्हणजे भाईंदरपासून चौथं स्टेशन! पेपर झाल्यावर मी लोकल पकडून चारकोपला गेलो आणि तीन तास गच्च्या बघत हिंडलो. सगळीकडे पाण्याच्या टाक्या आणि निळी ताडपत्री. कुठली गच्ची ती सापडली नाही. एका वॉचमननं हटकलं, "किसको ढूँढ रहे हो?" विमान शोधतोय हे सांगायची हिंमत झाली नाही.

बातम्यांत सगळ्यांना गच्ची आवडली. मला आज त्या गोष्टीतला दुसराच भाग मोठा वाटतो, तो कागदांचा. नोंदणीसाठी त्यांचे प्रयत्न २०११ पासून चालू होते. मध्येच घरगुती विमानांचे नियम बदलले. नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, व्हीटी-एनएमडी या नावानं. उडवायची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरात. आणि विमान उडालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवर. प्रदर्शनात लोकांनी ज्याच्याबरोबर सेल्फी काढले ते विमान त्यानंतर चार वर्षं जमिनीवरच होतं. तेव्हा मी चिडलो होतो, की माणसानं विमान बनवलं आणि हे लोक शिक्के मोजतायत. आता मी शिक्के मोजणाऱ्यांपैकीच एक आहे.

तर, बारावी झाली आणि मी घरी सांगितलं, पायलट व्हायचंय. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बफिंगला होते. भाईंदर पूर्वेला असे कितीतरी गाळे. फिरत्या बफवर डबा दाबून धरायचा आणि आरशासारखा चकचकीत करायचा. घरी येताना चेहरा काळा आणि रुमालात काळा खोकला. ते एवढंच म्हणाले, "किती लागतील?" आकडा ऐकून गप्प बसले. दोन महिन्यांनी चिपळूणजवळच्या गावातला आपला वाटा विकून आले. आत्यानं त्यानंतर दोन वर्षं फोन केला नाही.

कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. मी ज्या संस्थेत गेलो तिथे विमानं चार आणि उडणारं एक. बाकीची सुट्या भागांची वाट बघत उभी. आम्ही पोरं हँगरच्या सावलीत पत्ते खेळायचो आणि फीचा मीटर चालू. माझे सव्वा वर्षात २२ तास झाले. त्यातली पस्तीस मिनिटं एकट्यानं. बाजूची सीट रिकामी असली की विमान हलकं होतं आणि भराभर वर चढतं, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी पोटात कळलं. मग पैसे संपले. कुणाला दोष देत बसलो नाही, वेळच नव्हता. एएमईच्या कोर्सला प्रवेश घेतला, कारण विमानाजवळ राहायचा तेवढाच परवडणारा रस्ता होता.

आणि तिथे मला कळलं की ती तीन विमानं नुसती उभी राहून का मरत होती. गाडीसारखं नसतं ते. आमच्या विमानाच्या लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली उतरतं, शाफ्ट कोरडा पडतो आणि दमट हवेत त्याला गंज धरतो. म्हणून न उडणारं विमान उडणाऱ्यापेक्षा लवकर खराब होतं. कुणी म्हणेल, मग आठवड्यातून दहा मिनिटं चालू करून ठेवा. ते तर आणखी वाईट. इंजिन नीट तापत नाही, ज्वलनातलं पाणी तेलातच राहतं. बाबांना हे एकदा समजावलं तर ते हसले. मिठागरांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला मी गंज काय शिकवणार!

शिवाय दर शंभर तासांनी तपासणी. सगळी झाकणं उघडायची. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, म्हणजे आठ. खालच्या प्लगांत शिशाचे बारीक खडे साचतात ते टोकरून काढायचे. दोन मॅग्नेटो, एक मेला तर दुसरा असावा म्हणून. वर्षातून एकदा विमान उडायला लायक आहे याचं प्रमाणपत्र नव्यानं घ्यायचं. इन्शुरन्स. हँगरचं भाडं. पेट्रोल तासाला ३०-३५ लिटर, आणि तेही पंपावरचं नाही, अ‍ॅव्हगॅस. हे भारतात पूर्वी बाहेरूनच यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवतं. त्यात मुद्दाम निळा रंग मिसळलेला असतो. गळालं तर पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. डॉक्टरांची मुलगी टोरोंटोहून आली होती, सोमवारी तिचं परतीचं विमान. मोठं विमान. त्याआधी वडिलांच्या छोट्या विमानात बसायचं, असं ती तीन वर्षं म्हणत होती. डॉक्टरांच्या पत्नीही आल्या होत्या, डब्यात थालीपीठं घेऊन. मी नेहमीसारखा पुठ्ठा टाकला, पोट पुसलं, ठीक होतं. टाकीतलं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून बघितलं, तळाशी पाण्याचा बुडबुडा नव्हता. मग डावा पंख जिथे अंगाला जोडलाय तिथे हात फिरवला आणि पत्र्याच्या सांध्याला फिक्कट निळी रेघ दिसली. नखाएवढी.

पट्टी उघडली. टाकीतून येणारी धातूची नळी आणि पुढची नळी यांच्यामध्ये रबरी पाइपचा तुकडा असतो, दोन क्लॅम्पनी आवळलेला. तो बाहेरून ओला होता.

डॉक्टर म्हणाले, "क्लॅम्प आवळ."

आवळला. दहा मिनिटांनी परत ओला.

"अरे, मागच्या आठवड्यातही थोडं होतं. थेंब आहे थेंब. एक राउंड मारून येतो, वीस मिनिटं."

मी म्हणालो, "पाइपच बदलावा लागेल, डॉक्टर."

"मग बदल ना."

तसा पाइप गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात दीडशे रुपयांत मिळाला असता, मोटरसायकलचा. विमानाला चालतो तो पाइप कागदासकट येतो. कुठल्या कारखान्यात बनला, कोणी तपासला, सगळं. तो कागद नसेल तर माझ्यासाठी तो पाइपच नाही. मी सांगितलं, मागवायला लागेल, आज विमान उडणार नाही. लॉगबुकात तसं लिहायला घेतलं.

डॉक्टर माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "सहाशे तास उडवलंय मी हे. तू बावीस तासांवर सोडलंस ना? मग मला शिकवू नकोस."

मी ते त्यांना एकदा गाडीत, गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये, मोकळेपणानं सांगितलं होतं.

हात थरथरत होता हे कबूल करतो. आणखी एक कबूल करतो. क्षणभर वाटलं, कदाचित तेच बरोबर असतील. निळी रेघ नखाएवढी होती. असे कितीतरी थेंब गळत विमानं सुखरूप उतरली असतील. पण तो पाइप केबिनच्या छताला लागून असतो आणि त्याच्या खाली थालीपीठाचा डबा मांडीवर घेऊन कोण बसणार होतं ते मला दिसत होतं. मुलगीच मध्ये आली. वाकून रेघ बघितली, वास घेतला. "दादा, हे पेट्रोल आहे?" हो म्हणालो. "पपा, पुढच्या वेळी." पुढची वेळ म्हणजे आणखी दीड-दोन वर्षं, हे तिघांनाही माहीत होतं. थालीपीठं आम्ही हँगरमध्ये बसून खाल्ली. परतीच्या पाच तासांत गाडीत कुणी बोललं नाही. रेडिओ चालू होता.

त्यानंतर पाच आठवडे डॉक्टरांचा फोन नाही. घरी मी काही सांगितलं नव्हतं, पण बाबांना कळलंच, कारण शनिवारी मी घरी. ते म्हणाले, "दुसरा माणूस ठेवला का त्यांनी?" म्हटलं, माहीत नाही. बराच वेळ खोकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भोक होतं?" मी म्हणालो, "बघितलं नाही अजून. काढल्यावर कळेल." खरंच माहीत नव्हतं. हे पाच आठवडे मला त्यानंच खाल्लं. समजा पाइप चांगलाच निघाला तर?

जानेवारीच्या शेवटी पाइप आला, कागदासकट. डॉक्टरांचा मेसेज: "शनि. ४ वाजता. काशिमीरा." बस्स.

जुना तुकडा काढला आणि त्यांच्यासमोर अंगठ्यांनी वाकवला. बाहेरून नुसता ओला दिसणारा रबर आतल्या बाजूनं सुकलेल्या चिखलासारखा तडकला होता. एक तडा जवळजवळ आरपार. डॉक्टरांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून बघितला, पेशंटची एक्स-रे फिल्म बघतात तसा. मग खिशात टाकला. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. मीही वाट बघितली नाही. नवा बसवला, दोन्ही टाक्या भरून तासभर थांबलो, कोरडा होता. लॉगबुकात लिहिलं, सही केली.

"चल, बस," ते म्हणाले. ज्यानं सही केली त्यानं पहिल्या उड्डाणाला बसावं, असा काही नियम नाही. मी बसलो.

वर गेल्यावर खालची शेतं दिसत होती, कांद्याची असावीत, आणि एक लाल एसटी. डॉक्टरांनी विमान सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "घेतोस?"

माझं स्टुडंट लायसन्स कधीच संपलंय. "नको," म्हणालो आणि हात मांडीवर ठेवले. खरं म्हणजे मांडीखाली ठेवले. चाळीस मिनिटं मी डाव्या पंखाचा सांधा बघत बसलो.

रात्री सव्वादहाला घरी पोचलो. गायमुखला ट्रक होताच. बाबा जागे होते.

"उडालं?"

"उडालं."

"तू?"

"बसलो होतो."

"हं," म्हणाले आणि पंखा एकवर करून कूस बदलली.