घसरलेल्या भावाची गोष्ट

४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. आपल्या सोसायटीच्या गेटपासून पार्किंगच्या टोकापर्यंत म्हणा ना. एवढं अंतर एका बावीस वर्षांच्या, सव्वाशे किलोच्या पोराने ४.६ सेकंदांत कापलं की त्याच्या नावापुढे डॉलर्स नाचायला लागतात. आणि ४.८ लागले, तर टीव्हीवरचे एक्स्पर्ट चेहरा पाडून सांगतात, 'याचा स्टॉक घसरला.' फरक किती? पापणी लवायला लागतो तेवढा!

ही अमेरिकन फुटबॉलची दुनिया. मेस्सीवाला फुटबॉल नव्हे हं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. त्यात चेंडू फेकणारा मेन हीरो म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर दीडशे-दीडशे किलोचे बॉडीगार्ड उभे असतात. पास रशरचं काम एकच. जेमतेम अडीच-तीन सेकंदांत त्या बॉडीगार्डला चकवायचं आणि क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा करायचा. याला म्हणतात सॅक. थोडक्यात, आपल्या कबड्डीतल्या रेडरची चपळाई आणि पैलवानाची ताकद एकाच अंगात हवी.

कॉलेजमधून असे खेळाडू उचलायचे म्हणून दर एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट होतो. आयपीएलच्या ऑक्शनसारखी बोली नसते इथे. ३२ टीम्स, सात राउंड्स आणि साधारणपणे गेल्या वर्षी सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या टीमला पहिला नंबर. २०११ पासून नव्या खेळाडूचा पगारही तो कितव्या नंबरला उचलला गेला त्यावरच जवळजवळ ठरलेला असतो. म्हणजे पाचव्याऐवजी साठाव्या नंबरला नाव पुकारलं, तर इगोच नाही, कोट्यवधी रुपये हातातून जातात.

मला याचं वेड लावलं माझ्या मावसभावाने. दादा न्यू जर्सीत असतो, आयटीत. तिथे गुरुवारी रात्री आठला पहिला राउंड सुरू होतो, तेव्हा इथे शुक्रवारची पहाटेची साडेपाच. मी एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन धरून बसते. पण पहिल्या नंबरला कोण गेलं, याच्यात आम्हा दोघांना फारसा रस नाही. आमचा टाइमपास वेगळा. जानेवारीत ज्यांना सगळे टॉप टेन म्हणत होते आणि एप्रिलमध्ये जे अजून सूट घालून, आईचा हात धरून बसून आहेत, त्यांची लिस्ट करायची. फक्त पास रशर्सची. आणि प्रत्येकापुढे लिहायचं, हा का घसरला?

बऱ्याच वर्षांच्या वहीतून आमच्या लक्षात आलंय, की कारणं शंभर सांगितली तरी खाती तीनच. घड्याळ, गुडघा आणि गॉसिप.

आधी घड्याळ. टेरेल सग्ज हे नाव आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. २००२ च्या सीझनमध्ये अ‍ॅरिझोना स्टेटकडून खेळताना पठ्ठ्याने २४ सॅक्स केले. कॉलेज फुटबॉलमधला एका सीझनचा रेकॉर्ड. मग ड्राफ्टच्या आधी स्टॉपवॉच लावून पळवलं, तर ४.८ च्या आसपास. झालं! दहाव्या नंबरपर्यंत बसून राहिला. बाल्टिमोर रेव्हन्सने उचलला. त्याच वर्षी तो बेस्ट डिफेन्सिव्ह रूकी, २०११ मध्ये लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअर आणि करिअरच्या शेवटी नावावर १३९ सॅक्स.

आता उलटं बघा. २००८. ओहायो स्टेटचा व्हर्नन घोल्स्टन. कॉलेजमध्ये सॅक्स होते, पण बाजार पेटला तो त्याच्या बॉडीवर आणि टेस्टमधल्या आकड्यांवर. १०२ किलोचा बार त्याने बेंच प्रेसवर ३७ वेळा उचलला. न्यूयॉर्क जेट्सने सहाव्या नंबरला घेतला. तीन सीझन्स, ४५ सामने आणि सॅक्स किती? शून्य. भोपळा!

यावरून 'टेस्ट म्हणजे सगळा बकवास' असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा. २०१५ चा डॅनिएल हंटर आठवा. एलएसयूमधल्या शेवटच्या सीझनला त्याचे सॅक्स होते फक्त दीड. बॉडी आणि स्पीड मात्र सॉलिड. आकडे बघून टीम्स बिचकल्या आणि तो तिसऱ्या राउंडमध्ये, ८८ व्या नंबरला मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला. तिथे २०१८ आणि २०१९ मध्ये त्याने साडेचौदा-साडेचौदा सॅक्स केले, २०२३ मध्ये साडेसोळा. इथे स्टॉपवॉच खरं बोलत होतं आणि स्कोअरकार्ड अर्धवट!

म्हणजे प्रश्न 'टेस्ट की खेळ' हा नाहीच. टेस्टमधली नेमकी कुठली गोष्ट या कामाला लागते, हा आहे. पास रशर मॅचमध्ये ४० यार्ड सरळ पळतो कधी? जवळजवळ नाहीच. म्हणून मी पहिल्या १० यार्डांचा टाइम बघते आणि तीन कोन्सभोवती वळत पळायची टेस्ट बघते. कारण त्याला पहिल्या पावलाला सुटायचं असतं आणि मग मोटरसायकल कॉर्नरला झुकते तसं झुकून वळायचं असतं. मग मॅचचं फुटेज. त्यात सॅक मोजत नाही मी. सॅक कसा आला ते बघते. समोरच्याचे हात झटकून आला, की क्वार्टरबॅकच गोंधळून याच्या अंगावर आला? पहिला डाव फसल्यावर दुसरा होता का? समोर बॉडीगार्ड कोण होता, तगडा की किरकोळ? दहा सॅक्स असलेला पोरगा कधीकधी दोनचाच निघतो आणि दोनवाला दहाचा.

दुसरं खातं गुडघा. इथे मात्र बाजाराला हसू नये. दा'क्वान बाउअर्स, क्लेम्सन. २०१० मध्ये साडेपंधरा सॅक्स, देशात सगळ्यात जास्त. काही लोक तर त्याला पहिल्या नंबरचा म्हणत होते. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टीम्सच्या डॉक्टरांनी माना हलवल्या आणि तो ५१ व्या नंबरला टॅम्पा बेकडे गेला. तेव्हा सगळे म्हणाले, काय स्वस्तात मिळाला! पण २०१२ मध्ये टाचेची नस गेली आणि अख्ख्या करिअरचे मिळून सॅक्स झाले ७. डॉक्टरांची भीती खरी होती.

आणि डेव्हिड ओजाबो? जन्म नायजेरियातला, वाढला स्कॉटलंडमध्ये, सतरा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. हा खेळ शाळेत शिकला आणि चारेक वर्षांत मिशिगनकडून एका सीझनमध्ये ११ सॅक्स. मार्च २०२२ मध्ये स्काउट्ससमोर ड्रिल करत असताना, कुणी धक्काही दिलेला नाही, टाचेची नस तुटली. महिन्याभरावर ड्राफ्ट. रेव्हन्सने ४५ व्या नंबरला घेतला. तिथे मिशिगनमधला त्याचा कोच नुकताच जॉइन झाला होता. म्हणजे पोराला ओळखणारा माणूस टीममध्ये होता. तरी पुढे गुडघा दुखावला आणि पहिल्या दोन सीझन्समध्ये त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. मन म्हणतं, याचं भलं होऊ दे. वही म्हणते, शरीराची दुखणी मनाने बरी होत नाहीत. मोटिव्हेशनल फॉरवर्ड्समध्ये फक्त सग्ज असतो, बाउअर्स कधीच नसतो. घसरलेला प्रत्येक जण हिरा असतो हा फंडा ऐकायला गोड आहे, पण खोटा आहे.

तिसरं खातं गॉसिप, म्हणजे ऑफिशियल भाषेत 'कॅरेक्टर कन्सर्न्स'. नेब्रास्काचा रँडी ग्रेगरी २०१५ मध्ये टॉपचा मानला जात होता. ड्राफ्टच्या आधीच्या टेस्टमध्ये गांजा सापडला आणि तो साठाव्या नंबरला डॅलस काउबॉइजकडे गेला. पुढे याच कारणावरून बंदी, पुन्हा बंदी. २०१७ आणि २०१९ हे दोन सीझन्स तर पूर्ण बुडाले. आणि २०२० मध्ये लीगने नियमच बदलला. नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टवर सस्पेन्शन बंद! पोरगा तोच, सवय तीच, फूटपट्टी बदलली. त्याची गेलेली वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत.

मायकेल सॅमचं पान मी दरवर्षी वाचते आणि दरवर्षी अडते. मिझुरीकडून साडेअकरा सॅक्स आणि देशातल्या सगळ्यात तगड्या कॉलेज लीग्जपैकी एकीत बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअरचा मान, विभागून. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, मी गे आहे. नंतर टेस्टमध्ये ४० यार्डांना ४.९ सेकंद लागले. मे महिन्यात २५६ पैकी २४९ व्या नंबरला त्याचं नाव आलं. लीगच्या रेग्युलर सीझनचा एकही सामना त्याला मिळाला नाही. आता सांगा, तो घड्याळाच्या खात्यात की गॉसिपच्या? पेनने मधोमध रेघ मारता येत नाही. आणि बाजाराची हीच सोय असते. बोलायला एक आकडा हाताशी असला, की खरं कारण बोलावं लागत नाही.

टीम निवडणाऱ्या मॅनेजरच्या जागी बसून बघा. सगळे ज्याला चांगला म्हणतात तो फेल गेला, तर दोष नशिबाचा. सगळे ज्याला घाबरतात तो घेतला आणि फेल गेला, तर नोकरी याची. म्हणून एक टीम मागे सरली की दुसरी विचारते, 'त्यांना काहीतरी कळलं असेल का?' आणि तीही सरते. भाव पडतो तो खेळाडूचा, पण त्यात मोजलेली असते घेणाऱ्याची भीती. ती भीती कधी खरी असते, कधी फालतू. ती कशाची आहे हे शोधणं, एवढंच मूल्यमापन करणाऱ्याचं काम.

हे सगळं खेळापुरतं होतं, तोवर मजा होती. मग एका वर्षी मार्चमध्ये दादाची नोकरी गेली. एका कॉलवर, बारा मिनिटांत. एच-वन-बीवर असणाऱ्याला नोकरी गेली की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे मला तेव्हा कळलं. ड्राफ्टच्या दिवशी त्याचा चाळिसावा दिवस होता. तरी त्याने फोन केला.

"काय गं, वही काढलीस का?"

"दादा, राहू दे ना या वर्षी."

"अगं काढ. आणि माझं पण नाव लिही. सांग, मी का घसरलो?"

मी गप्प. मग तोच म्हणाला, "इंटरव्ह्यूमध्ये सगळे एकच विचारतात, काढलं का? काम काय केलंस, हे कुणी विचारतच नाही. टेप कोणी बघितलीच नाही माझी. घड्याळ बघतायत नुसतं."

मी त्याला 'सगळं ठीक होईल' म्हटलं नाही. बाउअर्सचं पान वहीत असताना तसं म्हणवत नाही. मी म्हटलं, "तुझ्याबरोबर काम केलेला माणूस कुठल्या कंपनीत आहे का बघ. ओजाबोला त्याच्या कोचनेच ओळखलं होतं."

५२ व्या दिवशी त्याला जॉब लागला. जुन्या टीम लीडने बोलावलं. कंपनी लहान, पगार आधीपेक्षा कमी. फोनवर म्हणाला, "सेकंड राउंडमध्ये गेलो, पण गेलो!" पुढे काय होईल ते त्यालाही माहीत नाही, मलाही नाही. पहिल्या सीझनवरून कुणाचं करिअर ठरत नाही.

आमच्या वहीत त्या वर्षीपासून एक नवा कॉलम आलाय. नाव, कॉलेज, नंबर, घसरण्याचं कारण आणि त्याच्यापुढे, 'हे कारण कुणी स्वतः तपासलं का?' बहुतेक वेळा तो रकाना रिकामाच राहतो. तुमच्या ऑफिसात आता अप्रेझलचा सीझन येईल. कुणाचं तरी रेटिंग खाली जाईल आणि कँटीनमध्ये 'त्याचं काही खरं नाही' अशी कुजबुज सुरू होईल. माना डोलवायच्या आधी एकदा विचारा, घड्याळ, गुडघा की गॉसिप? आणि जमलंच तर त्याची टेप बघा.