विझलेला दिवा कोणता?

मैत्रिणींनो, गणपती तोंडावर आले की घरोघरी माळ्यावरचे खोके खाली उतरतात. मखर निघतं, झालरी निघतात आणि तळाशी गुंता होऊन पडलेली दिव्यांची माळही निघते. ती प्लगात लावावी तर ढिम्म पेटत नाही! "टाकून द्या हो, नवी एलईडीची आणू," असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. तुमच्याकडेही असेल.

आमची माळ टाकायची सोय नाही. ती मामंजींनी स्वतः जोडलेली. जन्मभर वायरमनचं काम केलेले मामंजी दरवर्षी श्रावण सरता सरता चष्मा पुसून ती दुरुस्त करायला बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. शेंगदाण्याएवढा दिवा चिमटीत धरवेना. तीनदा खाली पडला, तेव्हा त्यांनी माळ गुंडाळली आणि "आता नवीच आणा," एवढंच म्हणाले. ते मला ऐकवेना. मी बी.ए. झाले मराठी घेऊन, शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. विजेचा नि माझा संबंध बटण दाबण्यापुरता! तरी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मामंजी, हात माझे, डोकं तुमचं. सांगा."

त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आधी पिन प्लगातून काढून ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. माळ पेटत नाही म्हणजे तिच्यात वीज नाही, असं समजू नका. माळ लावलेली असेल तर तुटलेल्या जागी घरातला पुरा २३० व्होल्टचा दाब उभा असतो.

आता एका दिव्यापायी सगळी माळ का विझते? हे दिवे एकसर जोडणीत असतात. मंगळागौरीला हातात हात धरून फेर धरावा तसं. एकीनं हात सोडला की फेर मोडला! काही दिव्यांत मुख्य तार तुटली तर आतली दुसरी बारीक तार वीज पुढे नेते. तिथे एकच दिवा विझतो, पण त्याच्या वाटणीचा दाब बाकीच्यांवर पडतो. म्हणून "एकच तर गेलाय" म्हणून तो तसाच ठेवू नये.

नवा दिवा किती व्होल्टचा आणायचा, यासाठी दिवे मोजा. आमच्या माळेत ४० आहेत. २३० ला ४० ने भागलं की पावणेसहा येतात, म्हणजे दिवा ६ व्होल्टचा. माळ २० दिव्यांची असेल तर १२ व्होल्टचा. लांब माळ अर्धीच विझत असेल तर तिच्यात दोन वेगळे सर आहेत. मग एकाच सरातले दिवे मोजायचे. दुकानात जाताना त्याच माळेतला चांगला दिवा नमुन्याला न्या. व्होल्ट जुळले तरी अँपिअर कमी असला तर दिवा भगभगून लवकर जळतो, जास्त असला तर मिणमिणतो. एलईडीचा दिवा या माळेत चालत नाही.

गेलेला दिवा शोधायची मामंजींची युक्ती फार सोपी आहे. जुन्या खेळण्यातली चार पेन्सिल सेलची डबी घ्यायची. तिच्यात ६ व्होल्ट मिळतात. दिवा खोबणीतून सरळ ओढून काढायचा आणि त्याच्या बुडाच्या दोन तारा डबीच्या दोन तारांना टेकवायच्या. पेटला तर चांगला. एकच नवा दिवा जागोजाग लावून बघत बसू नका, कारण दोन दिवे गेले असतील तर माळ पेटणारच नाही. नवा बसवताना दोन्ही तारा बुडाच्या दोन बाजूंना वाकवा, एकमेकींना चिकटू देऊ नका.

दिवा वगळून तारेला तार मात्र कधी जोडू नये. पाच दिवे असे वगळले की प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहाऐवजी साडेसहा व्होल्ट येतात आणि दिवे भराभर जातात.

त्या संध्याकाळी आमचे दोन दिवे गेलेले निघाले. माळ पेटली. मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांची पक्कड-टेस्टरची पेटी माझ्या कपाटात आणून ठेवली. "त्यांनी सांगितलंय," म्हणाल्या. ज्या पेटीला आमच्या ह्यांनाही हात लावायची परवानगी नव्हती, ती! आता मामंजी शेजारी बसून दिवे मोजतात, मी काढते.

नवीन माळ घ्यायचीच असेल तर एलईडीची घ्या. तिला वीज कमी लागते आणि ती तापतही नाही. जुनी माळ तापते, तेव्हा कापूस नि कागदाच्या मखरापासून ती लांब ठेवा. वायरचं आवरण तडकलं असेल तर माया न करता ती काढून टाका. चांगली असेल तर गुंडाळताना दिव्यांची संख्या आणि व्होल्ट खोक्यावर लिहून ठेवा, नि दोन जादा दिवे पुडीत बांधून आतच टाका. पुढच्या वर्षी शोधाशोध नको.