मेलेल्या मुळाची पोकळी

हातोडीचं टोक दगडावर हलकेच मारलं की भरीव दगड खणकतो. मागे पोकळी असेल तर आवाज बसका येतो. जुन्या भिंतींवर काम करणारे आम्ही सगळे याच आवाजावर चालतो. गेल्या दिवाळीपासून मला सगळेच दगड बसके ऐकू येऊ लागले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. माणसांचं बोलणं कळतं, गाडीचा हॉर्न कळतो, दगडाचा खणखणाट तेवढा गेला.

आता माझ्यासोबत नेरूळची एक मुलगी असते. आर्किटेक्चर शिकते. मी ठोकतो आणि ती ऐकून सांगते, “काका, हा भरीव. हा नाही. याच्या खालचे दोन पुन्हा ठोका.” ती चुकत नाही. तिनं सांगितल्यावरही मी तो दगड आणखी एकदा ठोकतो. तिची परीक्षा घ्यायला नव्हे, शेवटचा शब्द अजून माझाच आहे असं स्वतःला वाटावं म्हणून ठोकतो. थापी धरायला कुणीही शिकतं, मला कान आहे, हा माझा अभिमान होता आणि तो मी आयुष्यभर मिरवला. चारचौघांत ठोकून दाखवायचो, लोक गप्प उभे राहायचे, मला ते फार आवडायचं.

नवी मुंबईत जुनं काय आहे, असं लोक विचारतात. सिडको 1970 साली आली, पण तिनं शहर वसवलं ते 95 गावांच्या जमिनीवर. त्या गावठाणांत विहिरी आहेत, देवळांची जोती आहेत. पाम बीच रस्ता जिथे संपतो त्या चौकाला किल्ला जंक्शन म्हणतात. रोज हजारो माणसं तिथून जातात. बाजूच्या टेकाडावर खरोखरचा किल्ला आहे, पनवेलच्या खाडीवर नजर ठेवायला बांधलेला. सिद्दी, पोर्तुगीज, चिमाजी अप्पांच्या काळात मराठे आणि 1817 साली इंग्रज, इतक्यांच्या हाती तो गेला. आज त्याच्या बुरुजांवर वड आणि पिंपळ आहेत.

पिंपळ कसा रुजतो, कसा कापायचा, कापावर औषध कधी लावायचं, हे या कामातल्या कुणाला सांगायला नको. गावातली म्हातारी माणसं हिंग भरायला सांगतात, काही जण मुंजाच्या भीतीनं कुऱ्हाडच लावू देत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. झाड मारणं हा या कामाचा सोपा भाग आहे. मला इतकी वर्षं झोपू न देणारा प्रश्न झाड मेल्यानंतर सुरू होतो.

आपल्याकडच्या जुन्या भिंती दोन्ही बाजूंनी घडीव दगडाच्या आणि पोटात चुना-दगडाची भर घातलेल्या असतात. मूळ दरजेतून शिरतं आणि त्या भरीत पसरतं, कारण तिथे ओल असते आणि चुना मऊ असतो. झाड मेलं की मूळ आधी सुकून आक्रसतं. त्याच्याभोवती नखभर फट पडते आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. मग साल कुजते, तिची काळी भुसभुशीत माती होते, ती ओल धरून ठेवते, मुंग्या येतात आणि त्याच मातीत नवा पिंपळ रुजतो. शेवटी गाभाही जातो आणि भिंतीच्या पोटात मनगट जाईल एवढा बोगदा उरतो. वरून पाहणाऱ्याला भिंत स्वच्छ दिसते. काही वर्षांनी एखाद्या श्रावणात ती ढासळते आणि लोक म्हणतात, पाऊस फार झाला. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो फारच असतो. पण भिंत पडण्याचं कारण कुठल्याशा जुन्या रविवारी कुणीतरी मारून तसंच सोडून दिलेलं झाड असतं.

ही पोकळी भरायची कधी, यावर मी अडलेलो आहे. लवकर भरायला गेलं तर मूळ अजून जाडजूड असतं. चुन्याची रबडी त्याच्याभोवती बसते आणि मग आतलं मूळ कुजतं. बोगदा राहतोच, आता त्याला चुन्याचं कवच असतं आणि आपल्याला आत जाता येत नाही. उशीर केला तर दोन पावसाळ्यांत भरीतला जुना चुना धुऊन जातो, बाहेरचे दगड सुटतात आणि भिंतीला पोट येतं. मधली वेळ कोणती ते प्रत्येक मूळ वेगळं सांगतं. पिंपळाचं बोटभर मूळ लवकर जातं, वडाचं मांडीएवढं मूळ वर्षानुवर्षं टिकतं. सावलीतलं वेगळं, पश्चिमेच्या उन्हातलं वेगळं. मी ती वेळ आवाजावरून ठरवायचो. जिवंत मुळाचा दगड खणकतो. सुकलेल्या मुळाचा जरा उतरतो. पूर्ण कुजल्यावर तो बसका होतो. या तिन्हींतला मधला आवाज, तो उतरू लागलेला खणखणाट, नेमका तोच आता मला ऐकू येत नाही.

भरण्याचं काम त्यामानानं हाताचं आहे. आधी आकडीनं कुजलेलं निघेल तेवढं काढायचं, मग पाणी सोडून आतली धूळ धुवायची. नुसता चुना आत ओतून उपयोग नाही. त्याला घट्ट व्हायला हवा लागते आणि भिंतीच्या पोटात हवा नाही. म्हणून त्यात सुरखी, म्हणजे विटेची पूड, हवी. गाळून पातळ केलेली रबडी खालच्या भोकातून भरत वर यायचं, वरचं भोक उघडं ठेवायचं आणि तिथे पांढरं दिसलं की थांबायचं. हातभर उंचीच्या वर एका दिवसात जायचं नाही, नाहीतर ओल्या चुन्याचा भार बाहेरच्या दगडांना ढकलतो.

एका गावठाणातल्या विहिरीवर आम्ही असं भरत होतो. रबडी आत जात राहिली, वरच्या भोकात काही दिसेना. तेवढ्यात ती मुलगी काठावरून ओरडली, “काका, पाणी पांढरं होतंय!” मूळ भिंतीतून थेट विहिरीत उतरलं होतं आणि चुना त्याच वाटेनं निघाला होता. आम्ही थांबलो. खालून गोणपाट आणि ओल्या मातीनं ते तोंड बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. त्या पांढऱ्या रेघेवरून मूळ कुठून कुठे गेलं होतं ते आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा अख्खं दिसलं.

किल्ल्यावर रविवारी जमणारे आम्ही परवानगीशिवाय चुना ओतत नाही, दगड हलवत नाही. गवत काढतो, कचरा उचलतो, कोंब नखाएवढे असताना खुडतो आणि वहीत नोंद ठेवतो. यावरून आमची चेष्टा होते. दुसरी मंडळं एका रविवारात अख्खा बुरूज मोकळा करतात, दोर बांधून पिंपळ ओढून काढतात आणि त्यासोबत दोन घडीव दगड खाली येतात. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, पण त्या ओढण्याला मी संवर्धन म्हणणार नाही. दरजांत सिमेंट भरणाऱ्यांबद्दल माझं मत त्याहून कडक आहे. 1824 साली इंग्लंडात पेटंट झालेली ती वस्तू या भिंतींना परकी आहे. ती चुन्यापेक्षा घट्ट होते, ओल बाहेर येऊ देत नाही आणि खाडीकाठच्या भिंतींना आतून लोणा लागतो.

काही शिकलेली माणसं कंबोडियातल्या ता प्रोहम मंदिराचे फोटो दाखवतात आणि म्हणतात, झाडं राहू द्या, किती सुंदर दिसतात. तिथे आपल्याच पुरातत्त्व खात्यानं काम केलं आहे आणि झाडं राखली आहेत, हे खरं. पण राखणं म्हणजे टेकू देणं, मोजत राहणं, कायम माणूस ठेवणं. आमच्या बुरुजापाशी तसा माणूस ठेवा, मी स्वतः कुऱ्हाड खाली ठेवीन.

दफनभूमीत मात्र माझं सगळं गणित बदलतं. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलींची जुनी दफनभूमी आहे. कोकणातल्या त्यांच्या थडग्यांवर हिब्रूसोबत मराठीही कोरलेली आढळते. 1948 नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, त्यामुळे कित्येक दगडांपाशी दिवा लावायला घरचं कुणी उरलं नाही. अशा जागी मूळ दगड फोडत नाही, अख्खा उचलतं. एका थडग्यापाशी ती मुलगी मला म्हणाली, “काका, यावर ठोकायचं?” मला उत्तर देता आलं नाही. समाजातल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं, त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला, थोडा वेळ उभे राहिले आणि हो म्हणाले. मी हातोडी तिच्याकडे दिली. तिथे मला माझा अभिमान मध्ये नको होता.

विहिरींवर तो अजून मध्ये येतो. शेवटचा दगड बसवण्याआधी चुना ओला असताना मी थापीच्या टोकानं माझं आद्याक्षर काढतो आणि वर दगड ठेवतो. जुनं काम करणाऱ्यानं आपला हात दिसू देऊ नये, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. अक्षर कुणाला दिसणार नाही, पण ते तिथे आहे एवढं मला पुरतं आणि ते सोडायची माझी तयारी नाही. मुलीनं ते पाहिलं आहे. मागच्या वेळी मी अक्षर काढून झाल्यावर तिच्यापुढे थापी धरली. तिनं मान हलवली आणि नुसता दगड बसवला.

तिचं शिक्षण संपलं की ती जाईल, जायलाच हवं. रविवारी येणारी माणसं मला पुष्कळ मिळतात. मला हवी आहेत ती त्याच भिंतीपाशी पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि मूळ कुजून भोक भरेपर्यंत येणारी दोन-तीन चांगल्या कानाची माणसं. आणि ज्यांच्या विहिरीच्या, देवळाच्या किंवा कब्रस्तानाच्या भिंतीत पिंपळ शिरला आहे त्यांना विनंती, तो ओढून काढू नका. भिंतीलगत कापा, कापल्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि पावसाळा सरला की दरवर्षी तिथे जाऊन ठोकून पाहा.