गेल्या जूनचे पेट्रोल

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात वाड्यावाड्यांतून झाडे आडवी केली. रोह्याजवळच्या आमच्या वाडीची वाट तेव्हा चार दिवस बंद होती. म्हणून घरटी वर्गणी काढून मंडळाने पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, म्हणजे सगळे ज्याला कटर म्हणतात ते, विकत घेतले. आम्ही मंडळाचे खजिनदार. काम संपताच पावती फाईलला लावली, कटर पुसून आमच्या माळ्यावर ठेवले. टाकीत अर्धा लीटर पेट्रोल शिल्लक होते. वर्गणीचा पैसा वाया कशाला घालवायचा म्हणून ते तसेच राहू दिले.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि वाडीतल्या एका आजींच्या पडवीवर आंबा कोसळला. कौले फुटली, घरात पाऊस शिरला. कटर खाली आणले. पोरांनी आळीपाळीने दोरी ओढली. चोक दिल्यावर ते एकदा फुरफुरले, दोन क्षण चालले आणि गप्प झाले. करोनाच्या निर्बंधांमुळे गॅरेज बंद, दुकाने बंद.

आम्ही तापलो. गेल्या खेपेला कटर चालवणारा मुलगा मुंबईला गॅरेजात होता, काम सुटल्याने घरी आलेला. "तूच मशीन बिघडवून ठेवलीस," असे आम्ही चार माणसांदेखत बोललो. तो काही बोलला नाही. पाना घेऊन त्याने प्लग काढला.

"काका, एवढी दोरी ओढून प्लग कोरडाच. म्हणजे पेट्रोल इथवर येतच नाही. ठिणगीचं मागनं बघू."

टाकीचे झाकण उघडताच आंबूस, वार्निशासारखा वास आला.

"ह्यात पेट्रोल कधी टाकलेलं?"

"गेल्या जूनला," आम्ही म्हणालो. तो नुसता बघत राहिला.

पेट्रोल जुने झाले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली डिंकासारखा चिकटा राहतो. शिवाय पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, आता तर वीस टक्क्यांपर्यंत. ते हवेतली ओल ओढून घेते आणि कोकणात ओलीला काय तोटा? आम्ही वाणिज्य शाखेचे, आम्हाला हे कोण सांगणार!

त्याने तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर ओढली. कटर आडवे, तिरके कसेही धरावे लागते. म्हणून लवचीक नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो. पेट्रोल ज्या बाजूला जाईल, तिकडे तो जातो. आमचा फिल्टर तपकिरी होऊन बुजला होता. नवा मिळणार कुठून? ताज्या पेट्रोलात धुऊन त्याने तोच बसवला. नळी बोटांत वाकवून पाहिली, कारण चीर असली तर पेट्रोलाऐवजी हवाच ओढली जाते. नळी चांगली होती. मग कार्बोरेटर खोलला. स्कूटरसारखा तरंगता गोळा त्यात नसतो, पातळ पडदे असतात. त्यांतला एक इंजिनातल्या दाबाने हलून पेट्रोल खेचतो. पडदे शाबूत होते, पण आतल्या इवल्याशा चाळणीवर पिवळा थर बसला होता. मधेच एक गृहस्थ विडी पेटवून बघायला वाकले, त्यांना पोरांनी हाकलले.

पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे लीटरला चाळीस मिलीलीटर टूटी तेल घालून नवे पेट्रोल भरले. कटर सुरू झाले! एक फांदी कापली आणि पुन्हा बंद. आमचा जीव खाली गेला. त्याने झाकण किंचित सैल केले तर हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला. झाकणातले हवेचे भोक भुशाने आणि तेलाने बुजले होते. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरायला हवी, ती शिरत नव्हती. भोक साफ केल्यावर मात्र कटर दिवेलागणीपर्यंत थांबले नाही. आजींच्या पडवीवर रात्री ताडपत्री पडली.

त्या मुलाची माफी आम्ही दुसऱ्या दिवशी मागितली, पण त्याला एकट्याला गाठून. "राहू द्या काका," म्हणाला. घरी मात्र आम्हाला ऐकावे लागले, "बोललात चार माणसांत आणि माफी विहिरीच्या मागे?" मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही उभे राहून चूक कोणाची ते सांगितले आणि इतिवृत्तात लिहिलेही.

कटर आता त्याच्याच घरी असते. काम झाले की तो टाकी रिकामी करतो आणि उरलेसुरले जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करतो. आमच्या नोंदवहीत एक नवा रकाना आहे, पेट्रोल भरल्याच्या तारखेचा.