मिरजगावची जीभ, कोरियाचे ताट

अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील मिरजगावातून पुण्यास शिकण्यासाठी गेलेल्या जैन विद्यार्थ्यासमोर, मित्रांसह स्वस्त कोरियन उपाहारगृहात बसताना प्रश्न उभा राहतो : मैत्री की नियम? तेथील आंबवलेल्या किमचीत लसूण, मुळा आणि बहुधा खारवलेली मासळी असते, ती वर्ज्यच. परंतु त्याच कोरियातील बौद्ध मठांच्या रसोईत मांस, कांदा, लसूण निषिद्ध आहेत. आपल्याला चालणारे हिंगही तेथे वर्ज्य मानतात! म्हणजे आहारसंयम त्या देशाला परका नाही. विद्यार्थ्याने सूर्यास्तापूर्वी जावे. भाज्यांसह भात, अर्थात बिबिंबाप, मांस, अंडे, कंदमुळे आणि आंबवलेली तिखट चटणी वगळून मिळेल का, हे निःसंकोच विचारावे. न मिळाल्यास मित्रांच्या सोबतीला फळेही पुरतात. विचारण्यास पैसे पडत नाहीत. नियम आणि मैत्री, दोन्ही राहतात.